बोगद्याची पाहणी

पुस्तकबांधणीवाल्या काकूंच्या घराच्या पोटातून वाट होती. पुढच्या बाजारपेठेतून मागच्या आळीत जायचं तर काकूंच्या घराखालच्या दगडी कमानीत शिरायचं, अंधारात थोडं चालायचं, की पलीकडे शाळा, दवाखाना आणि अर्ध्या गावाची घरं. सगळे तिला बोगदा म्हणत. बोगदा नसता तर लोकांना जुन्या तटाला वळसा घालून, चढ चढून जावं लागलं असतं. घर काकूंचं, जमीन काकूंची, तेव्हा बोगदाही काकूंचाच. पण त्यातून जाताना कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं असं काकूंनाही कधी वाटलं नव्हतं.

बोगद्याच्या भिंतीत काकूंच्या कामाच्या खोलीची खिडकी होती. तिथे बसून त्या पुस्तकांच्या घड्यांना दोरा घालत. काका शेजारी पुठ्ठे कापत आणि खळ शिजवत. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण घर कधी सुनं वाटलं नाही, कारण सकाळपासून खिडकीखालून पावलं वाजत. कोण फरफटत चालतं, कोण टाच आपटतं, कोण उशीर झाला म्हणून पळतंय, हे काकू मान वर न करता सांगत. शाळेतली पोरं आत शिरली की आवाज घुमतो म्हणून हमखास “होऽऽ” करून ओरडत. काका कानांवर हात ठेवत.

“अहो, ओरडू द्या,” काकू म्हणत. “बाहेर ओरडलं तर वारा घेऊन जातो. इथे ज्याचं त्याला परत तरी मिळतं.”

अशा त्या बोगद्याच्या कमानीला एका वर्षी तडा गेला. आधी चुना झडला, मग एक कपची पडली. गवंड्याने शिडी लावून वर बघितलं, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि सांगितलं, “दुरुस्ती करा, नाहीतर वाट बंद करा. तिसरा उपाय नाही.” दुरुस्तीचा आकडा त्याने हळूच सांगितला. तो ऐकून काकांनी खळीचं भांडं खाली ठेवलं.

काकूंचा पुतण्या शेजारच्या गल्लीत राहायचा. मुलगा मनाने चांगला, पण त्याच्या पोटात चिंता मावत नसे. तो दुसऱ्याच दिवशी तोडगा घेऊन आला.

“काकू, एक गोदामवाला तयार आहे. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना शटर लावील, कमान स्वतःच्या खर्चाने बांधून घेईल आणि वर भाडंही देईल.”

“आणि माणसं?”

“माणसं वळसा घालून जातील. पाय दिलेत ना त्यांना?”

“तुलाही दिलेत. तू आत्ता कुठून आलास?”

पुतण्या जरा ओशाळला. तोही बोगद्यातूनच आला होता. “काकू, तुमचा पलंग त्या कमानीच्या बरोबर वर आहे,” तो म्हणाला. “मला रात्री झोप लागत नाही.”

“आम्ही पलंगावर आणि झोप तुझी उडालीय,” काका म्हणाले. पण ते हसले नाहीत. काकूंनी महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या दिवशी दोरा ओवताना त्यांचा हात दोनदा चुकला. खिडकीखाली शटर, शटराच्या आत पोती, आणि पावलं नाहीत. खोली तीच राहणार, खिडकी तीच राहणार. पण त्या खिडकीत बसून करायचं काय, हे त्यांना समजेना.

बातमी आणली न्हावीदादाने. बातम्या त्याच्याकडेच आधी पोचत. “पालिकेतली निम्मी डोकी माझ्या हाताखालून जातात, काकू. आणि डोकं खाली असलं की माणूस खरं बोलतो.” त्याने सांगितलं ते असं: ज्यांची घरं जुनी आहेत, वारसा म्हणून पालिकेने नोंदलेली आहेत, आणि जे मालक घराचा एखादा भाग लोकांसाठी खुला ठेवतात, त्यांना पालिका घरपट्टी माफ करते आणि दुरुस्तीचा मोठा वाटाही उचलते. काकूंचं घर त्या नोंदीत होतंच.

“पालिका देते?” काका म्हणाले. “नीट ऐकलंस ना? घेते म्हणाले असतील.”

“देते, काका. फक्त लोक खरंच वापर करतात का, हे त्यांचं माणूस येऊन डोळ्यांनी बघतं. एक दिवस बसून.”

“मग झालं की. हातच्या काकणाला आरसा कशाला? बसू दे दिवसभर,” काकू म्हणाल्या.

काकूंनी अर्ज केला. पाहणीचा दिवस ठरला. न्हावीदादाने ती बातमी दाढीला आलेल्या प्रत्येकाला सांगितली, आणि दाढीला न येणाऱ्यांना रस्त्यात गाठून सांगितली.

ठरल्या दिवशी पालिकेच्या वारसा विभागातल्या बाई सकाळीच आल्या. वयाने लहान, खांद्याला मोठी पिशवी, हातात मोजायची फीत. त्यांनी कमान मोजली, तडा बघितला, दगडांवरून हात फिरवला. “सुंदर आहे हो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काकूंनी दिलेलं स्टूल बोगद्यात टाकून वही उघडून बसल्या.

बोगदा त्या दिवशी लखलखीत होता. कोपऱ्यातली जळमटं गेली होती, फरशी धुतलेली होती. आणि बोगद्यात कुणीही नव्हतं.

काकूंनी दोरा ओवला. एक घडी शिवली, दुसरी शिवली. पाऊल वाजलं नाही. शाळेची वेळ झाली तरी “होऽऽ” ऐकू आलं नाही. एक मांजर तोंडाशी आलं, त्याने स्टुलावरच्या बाईंकडे बघितलं आणि ते परत गेलं.

“सगळं गाव रात्रीतून उठून गेलं की काय?” काका पुटपुटले.

काकूंनी पुढची घडी ओढली. त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्याची त्यांना लाजही वाटली. इतकी वर्षं माणसं घराखालून गेली. कुणी एकदाही म्हणालं नाही की काकू, बरं आहे तुमचं घर इथे आहे. म्हणायला हवं होतं असंही नाही. पण आज, निदान आज तरी यायचं.

शेवटी राहवेना. त्यांनी सुई खोचून ठेवली आणि बोगद्यातून मागच्या तोंडाला गेल्या. बाहेर बघतात तर न्हावीदादा हातात झाडू आडवा धरून पहारेकऱ्यासारखा उभा. समोर दवाखान्यातल्या नर्सताई. रात्रपाळी संपवून आलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या.

“वरून जा, ताई. आज काकूंची पाहणी आहे.”

“अगबाई, हो की,” नर्सताई म्हणाल्या आणि मुकाट्याने चढाकडे वळल्या.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “काय चाललंय हे?”

न्हावीदादाचा चेहरा अभिमानाने फुलला. “काकू, पहाटे सगळ्यांनी मिळून बोगदा धुऊन काढला. त्यानंतर एक पाऊल पडू दिलेलं नाही. शाळेची पोरं वरून पाठवली. बेकरीवाला पिठाची पोती डोक्यावर घेऊन चढ चढला. म्हातारेकोतारेसुद्धा वरून गेले. कुणी कुरकुर केली नाही. सगळे म्हणाले, काकूंसाठी एक दिवस एवढं तर करू.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “अरे शहाण्या, तूच सांगितलं होतंस ना, पाहणी कशाची आहे?”

“बोगद्याची.”

“बोगद्याची नाही, तुमची. बोगदा कुठे पळून जाणार आहे? त्यातून माणसं जातात का, ते बघायला आल्यात त्या.”

न्हावीदादाच्या हातातला झाडू हळूहळू खाली आला. “दुसऱ्यांचे केस कापता कापता,” तो म्हणाला, “माझंच आतलं काहीतरी कापलं गेलं असावं.”

काकूंना हसू आलं, आणि हसताना डोळे पुसावे लागले. मघाशी मनात आलेला विचार त्यांनी तिथेच टाकून दिला. ही माणसं आली नाहीत ती विसरली म्हणून नाही. आपल्यासाठी अख्खा चढ चढून गेली.

पण न्हावीदादा गप्प बसणारा नव्हता. “काळजी करू नका काकू, भरून काढतो,” असं म्हणून तो जो गेला, तो दुपारी सगळी बाजारपेठ घेऊनच आला. अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही. बोगद्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बेकरीवाला रिकामी ताटली घेऊन गेला आणि तीच रिकामी ताटली घेऊन परत आला. एक आजोबा बाईंच्या समोर थांबून मोठ्याने म्हणाले, “किती सोयीची वाट आहे, नाही?” जो तो बाईंना नमस्कार करून पुढे जाई. न्हावीदादा एकदा टोपी घालून गेला, एकदा टोपीशिवाय गेला, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याची टोपी घालून गेला.

“दादा,” बाईंनी विचारलं, “तुमचं दुकान नक्की कुठल्या बाजूला आहे?”

“पुढच्या. पण गिऱ्हाइकं मागच्या बाजूला आहेत.”

“आणि टोप्या?”

न्हावीदादा लगबगीने निघून गेला.

बाई वही मिटून काकूंच्या खोलीत आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. “काकू, सकाळी एक माणूस नाही आणि आता हा पूर. मी लिहू काय? अहवालाखाली सही माझी असते.”

पुतण्या तेवढ्यात आला होता. तो घाईने म्हणाला, “दुपारी गर्दी असतेच हो इथे.”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांनी फक्त मान हलवायची होती, एवढंच. मान हलली असती तर काम झालं असतं कदाचित. पण खोटं बोलून उघडी ठेवलेली वाट रोज खिडकीतून बघायची, हे त्यांच्याने झालं नसतं.

“नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “सकाळचंही खरं नाही आणि आत्ताचंही खरं नाही. सकाळी त्यांनी माझ्यासाठी बोगदा राखला, आता माझ्यासाठी भरला. दोन्ही वेळा प्रेमानेच केलं. पण रोजचं हे नव्हे.”

“मग रोजचं कधी दिसणार?”

“सगळे आपापल्या कामाला लागले की. थांबाल का तुम्ही संध्याकाळपर्यंत?”

बाईंनी मान डोलावली. काकू बाहेर गेल्या. “चला, झालं,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. “दुकानं उघडा. कुणाचं दूध उतू जात असेल, कुणाचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलं असेल.”

“मग बोगद्यातून जाणार कोण?” न्हावीदादाने काकुळतीला येऊन विचारलं.

“ज्याला जायचंय तो.”

बोगदा रिकामा झाला. काकू आत येऊन बसल्या. बराच वेळ काहीच नाही. मग एक पाऊल वाजलं. बेकरीवाल्याचा माणूस पाठीवर पोतं घेऊन आला आणि कमानीचा दगड जिथे खाली उतरलाय तिथे न बघताच मान झुकवून पुढे गेला. मग एक आई रडणाऱ्या पोराला ओढत आली. पोर रडता रडताच भिंतीवर बोट टेकवून चालत होतं. एक नवरा-बायको भांडत शिरले आणि तसेच भांडत बाहेर पडले. आत एक शब्द कमी झाला नाही. शाळा सुटली. “होऽऽ” झालं. काकांनी कानांवर हात ठेवले नाहीत. दिवेलागणीला नर्सताई पुन्हा पाळीवर निघाल्या. अंधारात चालता चालता त्यांनी तोंडातली पिन काढून अंबाड्यात खोचली, आणि उजेडात येईपर्यंत त्या तयार झालेल्या होत्या. बाई दोन हात अंतरावर स्टुलावर बसलेल्या, पण कुणाचंही लक्ष गेलं नाही.

बाई कधीच्या लिहीत होत्या. अंधार पडल्यावर त्या खिडकीशी आल्या.

“दुपारी प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुणी बघितलं नाही. माझ्याकडे नाही, कमानीकडेही नाही. पायाखालच्या वाटेकडे कोण बघतं? मला एवढंच बघायचं होतं, काकू.”

त्या गेल्यावर काकू बराच वेळ खिडकीत बसून राहिल्या. कुणी कधी आभार मानले नाहीत, हे खरंच होतं. पण आपल्याच घराच्या उंबऱ्याचे कुणी आभार मानतं का? सगळ्या गावाने त्यांच्या घराला इतकं आपलं मानलं होतं, की बघायचीही गरज उरली नव्हती. हे ज्याच्या वाट्याला येतं, त्याने लोकांकडून आभार कसले मागायचे? त्यानेच मानायचे. काकूंनी ते मनातल्या मनात मानले, एकेका पावलाचे.

मंजुरी आली तेव्हा पत्र पुतण्याने वाचून दाखवलं. घरपट्टी माफ, दुरुस्तीचा मोठा वाटा पालिकेचा, आणि गवंडी त्यांच्याच यादीतला, चुन्याचं जुनं काम जाणणारा. वाट एक दिवसही पूर्ण बंद ठेवायची नाही, अशी अट.

“गोदामवाल्याचं काय?” काकांनी विचारलं.

“त्याला सांगितलं मी,” पुतण्या म्हणाला. “म्हटलं, जागा आधीच भरलेली आहे.”

बातमी पसरायला न्हावीदादा पुरेसा होता. काकू खिडकीत येतात तो बोगदा माणसांनी गच्च. बेकरीवाला होता, आजोबा होते, पोरं होती. न्हावीदादाने घसा साफ केला; त्याला सगळ्यांच्या वतीने काकूंचे आभार मानायचे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सापडत नव्हते. पुढच्या तोंडाशी नर्सताई टाचा उंचावून आत शिरायला बघत होत्या. त्यांना पाळीला उशीर होत होता.

काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला.

“पुरे झालं, न्हावीदादा. पोचलं सगळं,” त्या म्हणाल्या. “आता बाजूला व्हा बरं. माणसाला जाऊ द्या.”