जपलेला दात

किंजलने सळईचं बोथट टोक अलगद रखमाच्या दाताशेजारी हिरडीत सरकवलं आणि रक्त आलं. हातातल्या आरशात ते दिसताच रखमाने डोकं मागे ओढलं.

"उपटाल काय गं?"

"कोण म्हणालं, मावशी?"

बोईसरच्या त्या दवाखान्यात दात साफ करणं आणि बसवलेल्या दातांवर लक्ष ठेवणं हे किंजलचं काम. रखमाचा हा वरचा पुढचा दात आठ महिन्यांपूर्वी हाडात स्क्रू घालून बसवलेला. पहिला स्क्रू सैल होऊन निघाला होता, हा दुसरा. हाही गेला तर तिसऱ्यासाठी हाड उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. ते ऐकल्यापासून उमरोळीच्या या बाईला चैन म्हणून नव्हतं.

"घासता कसं?"

रखमा एकदम रडकुंडीला आली.

"बाकीचं घासते. याला हातच लावत नाय. मिठाच्या पान्यान चूळ भरते. हलला-बिलला तर?"

"आठ महिने?"

"आमचे हे पन हसतात. म्हनतात, देवघरात ठेव त्याला."

किंजल हसली नाही.

"बोट लावा. ढकला."

"नको गं बाय!"

"ढकला."

रखमाने डोळे गच्च मिटून ढकललं. दात हलला नाही. तिने आणखी जोर लावला. ढिम्म.

"स्क्रू पक्का आहे. पण बाजूला मळ साचून हिरडी सुजलीय. सूज अशीच राहिली तर आतलं हाड झिजेल. मग मात्र खरंच जाईल."

म्हणजे जपता जपता आपणच त्याच्या मुळावर उठलो होतो. रखमाने दातावरचं बोट काढून घेतलं.

"आता ऱ्हाईल ना?"

"मी साफ करते. रोज तुम्ही करायचं. पंधरा दिवसांनी बघू." खोटा धीर द्यायला किंजलला जमत नसे.

साफसफाई उरकल्यावर तिने रखमाच्या हातात एक ब्रश दिला. बाटली धुवायचा असतो तसाच, पण काडीएवढा. रखमाने आरसा समोर धरला. ब्रश दाताच्या कडेने आत गेला आणि लाल होऊन आला. तिने तो झटकन मागे घेतला.

"येऊ दे रक्त. थांबू नका."

तिने पुन्हा घातला. पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर पुढचा पेशंट खाकरत होता.

"पुरे, मावशी. आजच्यापुरतं पुरे."

रखमाने मान हलवली. ब्रश तोंडात तसाच ठेवून ती कशीबशी म्हणाली,

"आठ म्हयन्याचं ऱ्हायलंय, पोरी."