दाराशी बसलेली पाचर

आत येताना पाय जपून टाका. दाराला टेकून जे काळं, तीन मुठींचं लोखंड बसलंय ना, त्याला ठेचकाळून आजवर बऱ्याच पाहुण्यांनी शिव्या दिल्या आहेत. ते लोखंड म्हणजे मी. मी पाचर बोलतेय.

लाकूड फोडताना घालतात ती पाचर नव्हे. मी तेलाच्या रिगवरची. समुद्रात पोलादी पाय रोवून रिग उभी असते आणि तिच्यावरून समुद्राच्या तळाखाली, जमिनीच्या पोटात भोक पाडत नेतात. त्या भोकात पाइपाला पाइप जोडून लांबच लांब माळ सोडलेली असते. नवा पाइप जोडायचा किंवा जुना काढायचा म्हटलं, की वरचा सांधा सोडवावा लागतो. मग तेवढा वेळ खालची सगळी माळ कोण धरणार? मी.

मला तीन पाकळ्या आहेत, बिजागऱ्यांनी जोडलेल्या. प्रत्येकीला वर एक मूठ, आतल्या अंगाला खोबण्या आणि खोबण्यांत खोबऱ्याच्या वडीएवढे पोलादी दात. तीन माणसं मला उचलून पाइपाभोवती घालतात आणि भोकाच्या तोंडात बसवतात. पाइपाचं वजन मला खाली ओढतं, तसतशी मी जास्तच आवळत जाते. ओझं वाढलं की माझी पकड वाढते. माणसांचं पुष्कळदा उलटं होतं, असं मी पाहिलंय. काहींचं होत नाही, हेही पाहिलंय.

माझा जन्म मॉन्तेरे शहरातल्या एका भट्टीतला. तिथून ट्रकने कार्मेन बेटावर आले आणि तिथून बोटीने रिगवर. पहिल्या दिवशी भोकाच्या तोंडाशी बसवलं तेव्हा खालचा काळोख बघून माझं पोलाद गारठलं होतं. पण एकदा पाइपाचं ओझं अंगावर आलं आणि भीती कुठल्या कुठे पळाली. काम हातात असलं की भ्यायला सवड होत नाही.

माझ्या तीन मुठींपैकी एक कायम तेयोच्या हातात असायची. त्याचं खरं नाव एलेउतेरिओ, पण एवढं लांब नाव घ्यायला यंत्रांच्या आवाजात वेळ कुणाला? दुसरी मूठ विल्बर्टची. हा दिवसभर चेष्टा करायचा आणि जेवताना तेवढा गंभीर व्हायचा. तिसऱ्या मुठीला माणसं बदलत राहिली. त्यांच्यावर अबुंदिओ. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो यंत्राची कळ हातात धरून उभा राही आणि एक भुवई वर करून काम सांगे. त्याच्या खोलीत दर्यावर्द्यांना सांभाळणाऱ्या कार्मेन मातेची तसबीर होती. कामावर येताना प्रत्येक जण तिच्या पायांना बोट लावायचा. बोटांच्या ग्रीसने मातेचा झगा खालून पार काळा झाला होता. पण तो पुसायचा कुणी नाही. पुसला तर आपली सगळी गाऱ्हाणी पुसली जातील, असं वाटत असावं.

तेयो पाळी संपली की मला डिझेलने धुवायचा. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. दातांच्या फटीतली घाण तो ब्रशाने काढायचा आणि घरच्या गोष्टी सांगायचा. त्या मला सांगायचा की स्वतःला, ते ठाऊक नाही. त्याची बायको कांदिता आणि मुलगी नेरेइदा. मुलगी अबोल, बापावर गेलेली. ती पंधराची व्हायची होती आणि कार्मेनमध्ये मुलगी पंधराची झाली की घरात लग्नासारखी धांदल असते. आधी चर्च, मग हॉल, मग नाच. सगळ्यांसमोर बाप मुलीच्या पायांतले सपाट बूट काढतो, तिला पहिल्यांदा उंच टाचांचे बूट घालतो आणि पहिला नाच तिच्याबरोबर नाचतो.

पंचाईत एवढीच होती, की तेयोला नाचता येत नव्हतं.

"अरे, मी आहे ना!" विल्बर्ट म्हणाला. "मला तुझी लेक समज. धर हात."

"माझ्या लेकीला मिशा नाहीत."

"मग डोळे मीट. पण पाय बघून टाक रे बाबा, तुझ्या बुटांत लोखंड आहे!"

जेवणाच्या सुट्टीत पाइपांच्या ढिगाऱ्यामागे त्यांची तालीम चाले. तेयो एका पायावर दोनदा नाचायचा आणि दुसऱ्यावर एकदाही नाही. वरच्या मजल्यावरून माणसं शिट्ट्या मारायची. स्वयंपाकी पातेली बडवून ताल द्यायचा. तेयो घामाघूम होऊन खाली बसायचा.

एक दिवस ते मला उचलत होते. पाचर उचलताना तिघांचा जोर एकदम लागावा लागतो, म्हणून नेहमीसारखी आरोळी झाली, "एक, दोन, तीन!" एकला वाकायचं, दोनला उचलायचं, तीनला वळायचं. मी भोकात बसले आणि विल्बर्ट ओरडला, "अरे गाढवा! हाच तर नाच आहे! सतरा वर्षं पाचरीबरोबर नाचतोयस आणि म्हणे येत नाही!"

उस्तादाची भुवई वर गेली. त्या दिवशी मला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा उचललं गेलं, असं मला वाटतं.

नाच शनिवारी संध्याकाळी होता. शनिवारी दुपारीच हेलिकॉप्टर नवी पाळी घेऊन येणार होतं आणि तेयोच्या पाळीला घरी नेणार होतं. सगळं जुळून आलं होतं. सकाळी शेवटचा पाइप बाहेर निघाला. मला उचलताना माझा एक दात सुटला. त्याची खीळ झिजली होती. तो उडाला, पाइपावर आपटला आणि सांध्यांना लावायच्या ग्रीसच्या बादलीत पडला. टप्. यंत्रं धडधडत होती, कुणालाच ऐकू गेलं नाही. ग्रीस घट्ट. दात हळूहळू तळाला गेला आणि वरून पुन्हा सपाट झालं.

तेयो मला धुवायला बसला. ब्रश एका जागी थांबला. त्याने बोट घालून पाहिलं. खोबणी रिकामी. जुनी रिकामी असती तर आत माती असती. ही आतून चकचकीत होती.

विल्बर्टने त्याचं तोंड पाहिलं आणि जवळ आला. "काय झालं?"

"दात नाही."

दोघांनी भोकाकडे पाहिलं. दात आत पडला असेल, तर पुढची पाळी ड्रिल खाली सोडेल, टोक त्या पोलादावर घासून फुटेल, कदाचित सगळी माळच अडकेल. त्या वेळी तिथे कोण उभं असेल आणि कुणाला काय लागेल, कुणी सांगावं? आणि रिगचा एक नियम होता: वस्तू हरवली, तर शेवटी ती ज्याच्या हातात होती त्याने ती सापडेपर्यंत किनाऱ्यावर जायचं नाही.

विल्बर्ट खालच्या आवाजात म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस. मी काही पाहिलं नाही. ब्रश खाली ठेव आणि अंघोळीला जा."

"पुढच्या पाळीत क्रिसान्तो आहे. त्याच्या गळ्यात पडेल."

"क्रिसान्तोची पोरगी काही आज पंधराची होत नाही!"

मला वाटलं, तेयो ब्रश खाली ठेवतोय. ठेवलाच त्याने. मग उठून भोकावरचं जड झाकण ओढून बसवलं आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "काम थांबवा!"

मला ठाऊक होतं दात कुठे आहे. हातभर अंतरावर. पण आम्ही लोखंडाची माणसं, आम्हाला धरता येतं, बोलता येत नाही. आज तुमच्याशी बोलतेय ती त्या दिवसाची उणीव भरून काढतेय असं समजा.

उस्ताद खाली आला. "नियम ठाऊक आहे ना?"

"आहे, उस्ताद."

"नाच आज आहे ना?"

"आज."

उस्तादाने हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं. मग स्वतःच गुडघ्यांवर बसला. "बघताय काय? बसा सगळे खाली. शोधा!"

दहा-बारा दांडगी माणसं रांगत होती. कुणी जाळीखाली हात घातले, कुणी बूट उलटे केले. बादलीला दोनदा धक्का लागला. एकाने ती उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या खालची जागा बघितली! आत मात्र कुणी पाहिलं नाही.

हेलिकॉप्टर आलं. पाळी बदलली, उस्तादासकट सगळे घरी निघाले. जाताना विल्बर्टचा आवाज चिरका झाला होता. "तिला काय सांगू मी?"

"सांग, पप्पा येतायत. कधी ते विचारलं तर इकडेतिकडे बघ."

तेयोने फोन केला, तेव्हा मी जवळच पडले होते. "नेरेइदा, बेटा, माझी वाट बघू नकोस. बूट मामा घालेल." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मग पाइपांच्या टोकाला लोहचुंबक बांधून भोकात सोडायला सुरुवात झाली. माझ्या जागी दुसरी पाचर होती. तेयो नव्या पाळीबरोबर राबत होता. प्रत्येक सांध्याला ग्रीस लावायचं, पाइप जोडायचा, खाली सोडायचा. बादली हळूहळू रिकामी होत होती. मी तिच्याकडे डोळे लावून बसले होते. घाला, आणखी खोल घाला ब्रश!

दुपार कलली तेव्हा क्रिसान्तोने ब्रश बुडवून ढवळला आणि वैतागला. "ह्या बादलीत दगड कुठल्या शहाण्याने टाकला?"

तेयो वळला. त्याने कोपरापर्यंत हात ग्रीसमध्ये घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांत माझा दात होता.

क्रिसान्तोने एकदा दाताकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. "म्हणजे हा सकाळपासून इथे ग्रीसने मालिश करून घेतोय?" आणि सगळे असे हसत सुटले, की तेयोच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं. तसबिरीतल्या मातेच्या झग्यावर त्या दिवशी एक नवा, भला मोठा डाग पडला.

पण हेलिकॉप्टर केव्हाच गेलं होतं. माझ्या खोबण्या तपासून रिगवरच्या साहेबाने सांगितलं, ही पाचर झिजली, भंगारात काढा. भंगार न्यायला मालाची बोट लागलेली होती. क्रिसान्तो म्हणाला, "तेयो, ही बोट कासवासारखी जाते. पण जाते. हिच्याबरोबर तूही जा. मी किनाऱ्यावर कळवतो."

माझी नोकरीतली शेवटची सफर अशी त्याच्याबरोबर झाली. तो माझ्याशेजारी दोरखंडांवर बसून होता. मधूनच त्याचे पाय हलत होते. एक, दोन, तीन.

उजाडताना बोट धक्क्याला लागली. पेलिकन खांबांवर झोपलेले होते. आणि धक्क्यावर, गंजक्या पाइपांच्या मधोमध, पिस्ता रंगाचा घेरदार झगा घातलेली एक मुलगी उभी होती. शेजारी कांदिता, हातात तमालची, म्हणजे केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या वड्यांची टोपली. मागे चुरगळलेल्या पांढऱ्या सदऱ्यात उस्ताद, आणि गाण्यांचा डबा खांद्यावर घेऊन विल्बर्ट.

"मामा बूट घालायला बसला होता," विल्बर्ट दुरूनच ओरडला. "तर ही बया पाय पोटाशी घेऊन बसली! रात्रभर सपाट बुटांत! मीसुद्धा म्हटलं, मी घालतो, तर म्हणते, काका, तुम्ही पप्पांची लेक होतात ना, मग बाप कसे होणार?"

नेरेइदा मान खाली घालून उभी होती. कानापर्यंत लाल झाली होती.

क्रेनने मला धक्क्यावर उतरवलं. तेयोने इकडेतिकडे पाहिलं. बसायला जागा नव्हती, सगळीकडे ओलं आणि तेलकट. त्याने आपलं जाकीट काढलं, घडी घातली आणि माझ्यावर ठेवली. "बस बेटा. ही माझी जुनी मैत्रीण आहे."

ती बसली. माझ्या दोन मुठी तिच्या दोन्ही बाजूंना खुर्चीच्या हातांसारख्या आल्या. मी जन्मभर जमिनीच्या पोटात लोंबणाऱ्या पाइपांचं ओझं धरलं होतं. एवढं हलकं ओझं पहिल्यांदाच अंगावर आलं आणि ते सांडू नये म्हणून मी सगळ्यात जास्त जपलं.

तेयोने हात पुढे केले आणि मागे घेतले. नखांत ग्रीस होतं, बूट पांढरे शुभ्र होते.

"पप्पा, घाला ना," ती हळूच म्हणाली. "डाग पडू दे."

डाग पडले. डाव्या बुटावर अंगठ्याचा एक आहे, अजून आहे. मग विल्बर्टने डबा लावला आणि तेयो नाचला. एकला वाकला, दोनला उचललं, तीनला वळला. पहिल्या फेरीत त्याचा बूट झग्यावर पडला, दुसऱ्या फेरीत नाही. उस्ताद टाळ्या वाजवत नव्हता. फक्त त्याच्या दोन्ही भुवया वर होत्या.

नंतर उस्तादानेच भंगारवाल्याशी बोलून मला सोडवलं. माझ्यासारख्या जड वस्तूला घरात काय काम, असं कांदिता म्हणाली होती. पण उत्तरेचं पहिलं वादळी वारं आलं, शेजाऱ्यांची दारं रात्रभर धाडधाड आपटली आणि आमचं जागचं हललं नाही, तेव्हापासून ती मला दर रविवारी पुसते. माझ्या रिकाम्या खोबणीत ती घराची किल्ली ठेवते. हे बाहेर बोलू नका.

तेयो अजून रिगवर जातो. तो परतायचा असतो त्या दिवशी शाळा सुटली की नेरेइदा येऊन माझ्यावर बसते आणि रस्त्याकडे बघत राहते. बोलत मात्र काही नाही. मीही नाही. आमचं छान जमतं.

तेव्हा पाहुणे, पाय जपून टाका, आणि दमला असाल तर खुशाल टेका. फक्त तेयो यायच्या दिवशी दुपारनंतर उठा. ती जागा राखलेली आहे.