श्रीपुढची वेळ

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तो नव्हे आणि नाटकाच्या रंगमंचावरचाही नव्हे. संगणकावर लिहिण्याचा कार्यक्रम उघडला की कोरं पान येण्याआधी जो पडदा दिसतो, तो मी. लिहिण्याचं काम माझं नाही. मी आपला दारात उभा राहतो आणि विचारतो, 'या, आज कोणतं काम काढायचं?'

माझा जन्म मांजरसुंब्याच्या फाट्यावरचा. गावोगाव एसटीडीची पिवळी खोकी लागायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. धाब्यांच्या रांगेतच जगदेवीबाईंनी टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान टाकलं होतं. त्यांचा धाकटा मुलगा बसवेश्वर पुण्याला शिकत होता. त्यानं एक वापरलेला संगणक आणून दिला. पण लिहिण्याचा कार्यक्रम उघडला की सगळं काळंभोर आणि मध्ये लुकलुकणारी एक रेघ. जगदेवीबाई दचकून मागे सरकल्या.

"आत काईच न्हाई रे बाळा! मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यावानी वाटतंय."

बसवेश्वर हसला. त्या सुटीत त्यानं बसून मला तयार केलं आणि सदऱ्याला वरून खिसा शिवावा तसं त्या कार्यक्रमाला जोडून टाकलं. मला हवं तसं सजवता येत असे. जगदेवीबाईंच्या सांगण्यावरून त्यानं माझ्या कडेनं बेलाच्या पानांची नक्षी काढली. मधोमध अलीकडे केलेल्या कामांची नावं, प्रत्येक नावाआधी एक आकडा. आकडा दाबला की ते काम उघडायचं. नावापुढे त्या कामाला शेवटचा हात कधी लागला, ती तारीख आणि वेळ दिसायची. नुसतं उघडून मिटलं तर ती बदलत नसे.

"पैलं पान देवाचं ठेव," जगदेवीबाई म्हणाल्या. "नव्या वहीचं पैलं पान आपण कोरं सोडतो ना, तसं."

म्हणून माझ्यावर पहिलं नाव आलं ते 'श्री'. कामं येत-जात राहायची, नावं वरखाली व्हायची. पण 'श्री' कधी जागचं हलत नसे.

"आणि आई, त्याच्यापुढं तारीख-वेळ?"

"देवाला कसली आलीय येळ! काढून टाक."

बसवेश्वरनं ती काढून टाकली. एवढीशी गोष्ट, मित्रांनो. पण पुढे तीच आमच्या जिवावर आली.

जगदेवीबाई रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून दुकानात यायच्या. संगणक लावायच्या, 'श्री'चा म्हणजे एकचा आकडा दाबायच्या. वर 'श्री' आणि खाली कोरं असं ते पान उघडायचं. त्या हात जोडायच्या आणि काहीही न लिहिता ते मिटायच्या. हा त्यांचा नेम होता. लोक कौतुकानं मला बघायला यायचे. शेजारच्या धाब्यावरचा बंकट तर म्हणायचा, "काकू, तुमचा कंप्युटर तुमच्यापरीस देवभोळा हाय! नारळ फोडू का याच्यापुढं?"

"फोड की," काकू म्हणायच्या, "पर नारळ तुझ्या धाब्यावरचा आण."

कार्तिकी पौर्णिमा आली. जवळच कपिलधारला यात्रा भरली होती. फाट्यावर जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टरांची दाटी झाली होती. जगदेवीबाईंचा उपवास होता. पूजेसाठी त्या घरी गेल्या होत्या आणि दुकानात थोरली सून एकटी होती. प्रणिता तिचं नाव. नुकतीच लग्न होऊन आलेली. अंबाजोगाईला संगणकाचा वर्ग केलेला, पण सासरी आल्यापासून ती झेरॉक्सच बघायची. संगणकापाशी सासूबाई बसायच्या.

दुपार कलताना एक माणूस धापा टाकत आत शिरला. बीदरच्या पलीकडचा, शरणप्पा नावाचा. मराठी मोडकं, डोळे लाल.

"बाई, लेक हरवली. यात्रेत न्हाई. गाडीत बसली असंल कुणाच्या. कागद छापा, रस्त्यावर वाटा म्हनले लोक."

प्रणितानं घाईघाईनं मला समोर आणलं. नवं पान सगळ्यांत वर असतं, असं तिला वर्गात शिकवलेलं. तिनं एकचा आकडा दाबला. वर नुसतं 'श्री' आणि खाली कोरं पान. सासूबाईंनी मथळा आधीच घालून ठेवलाय, असं तिला वाटलं. दुकानातला प्रत्येक कागद श्रीनंच सुरू व्हायचा, मग वेगळं काय वाटणार? शरणप्पा सांगत गेला, ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिनं जपून ठेवण्याची कळही दाबली. शरणप्पाची बायको यात्रेत हरवलेल्यांची नावं पुकारणाऱ्या भोंग्याजवळ बसून होती, तिथून हलायला तयार नव्हती. म्हणून तो उलट्या पावली कपिलधारला पळाला.

प्रणिता छापायचा कागद लावायला वळली आणि लाइट गेली. मीही गेलो.

पुन्हा उजेड आला तेव्हा समोर तीन चेहरे होते. प्रणिता, पूजा आटोपून आलेल्या जगदेवीबाई आणि फटफटीची किल्ली हातात घेतलेला बंकट. चौसाळ्यापर्यंतच्या धाब्यांवर कागद पोचवायचं त्यानं कबूल केलं होतं.

"वैनी, आटपा! गाड्या सुटायल्यात. एकदा सोलापूरच्या वाटंला लागल्या की कुटं धुंडायचं पोरीला?"

प्रणितानं माझ्यावरून नजर फिरवली. 'श्री'. त्याखाली सोसायटीची नोटीस, कालची. त्याखाली मंजुळाबाईंच्या नातवाची लग्नपत्रिका, परवाची. आजची वेळ कुठल्याच नावापुढे नव्हती.

"गेलं," ती पुटपुटली. "आई, मी ठेवलं होतं हो. कळ दाबली होती मी."

"असू दे. पुन्यांदा लिव्ह," जगदेवीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"गौरव्वा. वय सहा. पिवळा परकर. मराठी कळत नाही. एका कानानं ऐकू येत नाही..." प्रणिता थांबली. "कोणत्या? आई, त्यांनी सांगितलं होतं. डाव्या... नाही, उजव्या."

"ठाम सांग, पोरी."

"ठाम येत नाहीये!"

दोन्ही बाजूंनी हाक मारा असं लिहावं, तर त्या घाईत दुसऱ्यांदा हाक मारायला कोण थांबणार? घाबरलेलं पोर, परक्या मुलखातलं. त्यातही गाड्यांच्या गोंगाटात बहिऱ्या बाजूनं हाक मारली, तर ते वळूनसुद्धा बघणार नव्हतं. यात्रेच्या गर्दीतून शरणप्पाला शोधून आणायचं म्हटलं, तर तोवर फाटा रिकामा झाला असता. बाहेर एक टेम्पो भोंगा वाजवत निघून गेला.

"फेका हे डबडं!" बंकट वैतागला. "काकू, इचारा आता तुमच्या देवालाच, कोन्ता कान ते!"

मित्रांनो, ते पोर माझ्या पहिल्याच ओळीत होतं. माझ्या कपाळावर होतं म्हणा ना! पण मला तोंड नाही. जे दाखव म्हणून सांगितलंय तेवढंच मी दाखवतो. आणि 'श्री'पुढे वेळ दाखवायची नाही, असं मला बजावलेलं. कालचं आणि आजचं 'श्री' अगदी एकसारखं दिसत होतं.

प्रणिताचं बोट एकच्या आकड्याकडे गेलं.

"ते नको," जगदेवीबाई म्हणाल्या. "ते पान देवाचं हाय. सकाळीच म्या कोरं मिटलंय. तिथं काई न्हाई."

बोट मागे आलं. छतावरचा दिवा एकदा मंद होऊन पुन्हा उजळला. लाइटचा काही भरवसा नव्हता. प्रणिता माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, त्या पानावर वर नुसतं श्री असतं का? बाकी कोरं?"

"व्हय. कावून?"

प्रणितानं मान खाली घातली. नवी सून, सासूचा नेम, आणि तोही पौर्णिमेच्या दिवशी. तिचा आवाज मलाही जेमतेम ऐकू आला.

"मग मी त्याच्यावरच लिहिलंय, आई. मला ठाऊक नव्हतं."

बंकटची किल्ली वाजायची थांबली. जगदेवीबाईंचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीकडे गेला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी तुटणार.

मग त्यांनीच हात पुढे केला आणि एकचा आकडा दाबला.

वर 'श्री'. त्याखाली गौरव्वा. वय सहा. पिवळा परकर, हातात हिरव्या बांगड्या. उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्या बाजूनं हाक मारावी.

"छाप," जगदेवीबाई म्हणाल्या.

"वरचं श्री काढू का, आई?"

"कावून काढायचं? त्याच्याच पानावर हाय, त्याच्याच नावानं जाऊ दे."

छापायचं यंत्र करकरू लागलं. ओळीमागून ओळ उतरत होती आणि दिवा पुन्हा डोळे मिचकावत होता. कागद निघाला, झेरॉक्सवर गेला. बंकटच्या हातात गठ्ठा पडतो न पडतो तोच लाइट गेली. विझता विझता फटफटी सुरू झाल्याचा आवाज तेवढा मी ऐकला.

पुढचं मी बंकटच्याच तोंडून ऐकलं. चौसाळ्याच्या धाब्यावर एका भजनी मंडळाचा टेम्पो चहाला थांबला होता. मागे पोत्यांना टेकून एक पोर झोपलेलं. ही त्या बाईची, ती हिची, असं समजून कुणीच चौकशी केली नव्हती. धाबेवाल्यानं कागद वाचला, पिवळा परकर बघितला. आधी समोरून हाक मारली. पोर हललं नाही. मग तो वळसा घालून डाव्या बाजूला गेला, वाकला आणि म्हणाला, "गौरव्वा."

पोर ताडकन उठून बसलं.

दिवेलागणीला शरणप्पा आणि त्याची बायको लेकीला घेऊन दुकानात आले. आईनं तिला असं धरलं होतं, की खाली ठेवायचं तिच्या मनातच नव्हतं. पोरगी मात्र माझ्या बेलाच्या पानांकडे बघत होती. जगदेवीबाईंनी तिच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. ती खायला लागली, तेव्हा कुठे त्यांनी स्वतः उपवास सोडला. आणि दुसऱ्या दिवसापासून संगणकाची खुर्ची प्रणिताची झाली.

पुढच्या सुटीत बसवेश्वर आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, ते पान पुन्हा कोरं करून देतो."

"हात लावू नको त्याला," जगदेवीबाई म्हणाल्या. "एक कर. त्याच्यापुढं येळ घाल."

"देवाला वेळ?"

"घाल रे. त्याचा हात कवा लागला, ते दिसू दे."

मित्रांनो, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. नवे, चपळ संगणक आले, त्यांचे रंगीत पडदे आले. माझं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली गेलं. महिनोन् महिने कुणी कापड उचलत नाही. धूळ बसते, उंदीर तारा हुंगून जातात. तरी कार्तिकी पौर्णिमेला जगदेवीबाई येतात, आता काठी टेकत. प्रणिता कापड काढते, मला हळूच उजळते आणि बाजूला सरकते. आकडा सासूबाईंनीच दाबायचा असतो.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र पडलेलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. त्यात कुणी काय जपून ठेवलंय, हे त्याला स्वतःहून सांगता येत नाही. तुम्ही विचाराल तेव्हाच ते दाखवील. माझं तरी तसंच आहे. कोपऱ्यात पडल्या पडल्या मी पौर्णिमेची वाट बघतो. माझी बेलाची पानं फिकी झाली आहेत, खालची नावं कधीच पुसली गेली. पहिली ओळ मात्र आहे तशीच आहे. 'श्री', आणि त्यापुढे कार्तिकातल्या त्या दुपारची वेळ.