माहेरचा पत्ता

मुलगी दाखवायची ती मामाच्या घरी, असं कुंदाताईंनी ठरवलं तेव्हा त्या अगदी थकून गेल्या होत्या.

मालिनीला स्थळं येत नव्हती असं नाही. मुलगी बी.ए. झालेली, नाकीडोळी नीटस, बालवाडीत शिकवणारी. पण ‘कात्रप, बदलापूर’ हा पत्ता वाचला की मुलाकडच्यांना एकदम ज्योतिष आठवायचं. पत्रिका जुळेनाशी व्हायची. “कल्याणच्या पुढे ग्रहच बदलतात वाटतं!” असं तिचे वडील शशिकांतराव म्हणायचे. आधी सगळे हसायचे. नंतर कोणी हसेनासं झालं.

हे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालचं बदलापूर. अंबरनाथच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी शशिकांतरावांनी बऱ्याच वर्षांपूर्वी गिरगावातली खोली सोडली आणि इथे बिऱ्हाड केलं. स्टेशनवरून टांगा; रस्त्याला पावसाळ्यात चिखल, एरवी धूळ. संध्याकाळी वीज गेली की नुसती बेडकांची ओरड आणि डास. आपल्यातले कितीतरी जण असेच इथे आले आणि वर्षानुवर्षं ‘तात्पुरते’ राहिले! कुंदाताईंनी तुळससुद्धा लावली ती डब्यात, जाताना उचलून नेता यावी म्हणून.

“रविवारी पार्ल्याला जायचं,” त्या मालिनीला म्हणाल्या. “मधूमामाकडे पाहुणे येतील. विचारलं तर तिथेच राहतो म्हणायचं.”

“आणि माझी बालवाडी?”

“तिचं नावही काढायचं नाही.”

“मग मुलगी तरी मीच ना, आई? की तीही पार्ल्यातलीच बघू एखादी?”

कुंदाताई नवऱ्याकडे वळल्या. “अहो, तुम्ही तरी सांगा हिला.”

शशिकांतरावांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. “काय बिघडतं? एकदा जमलं की सांगू सावकाश.”

तेवढ्यात मागच्या दारातून भागीरथी आली. घरामागची भातशेती तिची. हे घर उभं होतं ती जमीनही एकेकाळी तिच्या सासऱ्यांची. हातात अळूची मोठी जुडी होती.

“काय गो कुंदाबाय, आयतवारी पावनं येतान ना? मी सकालीच येते. पानी भरीन, वड्या करीन. नवं लुगडं नेसून येते, भिऊ नको!”

कुंदाताई उगाच पानं पुसत बसल्या. “कार्यक्रम पार्ल्याला आहे, भागीरथीबाई. त्यांना इथे यायला लांब पडतं.”

“लांब पडतं, का त्यांना सांगितलाच नाय?”

“सांगितलंच नाही, मावशी,” मालिनी म्हणाली.

भागीरथी रागावली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने वारा घेत बोलू लागली.

“माजी पोर चांगुणा पल्याडच्या जांभला गावान दिली. सासरी राबराब राबते. दोन-तीन मयन्यान येते, तांब्याभर पानी पिते न् पडवीन निजते. बोलत पन नाय. मी उठवीत नाय. पोरीला माहेर कशाला पायजे गो? निजाया! तुजी पोर दमून आली तं कुठं निजल? भावाच्या घरान? पयलं बालंतपन कुठं करशील? का नातवाला पन सांगशील, आजीचं घर हाय पन कुनाला बोलायचं नाय?”

“तुम्हाला बोलायला काय जातं!” कुंदाताई एकदम उसळल्या. “तुम्ही इथल्याच!”

“न् तू कुठली गो? गेल्या पावसान ताप आला तं इथंच आला ना तुला? तवा पार्ल्याला नाय गेली तू!”

कुंदाताई मनाशी म्हणाल्या, खरंच, आपण कुठल्या? गिरगावातली खोली गेली. पार्लं भावाचं. आणि इथलं आपण कधी आपलं म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत मधू एकदाही इथे मुक्कामाला आला नव्हता, कारण त्याला कधी बोलावलंच नव्हतं. लोक नाक मुरडतील अशी भीती वाटत होती. पण पहिल्यांदा नाक मुरडलं कोणी? आपणच की!

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “मधूला आणि त्या मंडळींना कळवा. कार्यक्रम इथेच होईल.”

“आणि नाही आले तर?”

“तर त्यांची दगदग वाचेल.”

पण पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील टांग्यातून उतरले तेव्हा पायांवर धूळ होती. नव्या लुगड्यातल्या भागीरथीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

“फारच आत आहे हो तुमचं!” मुलाची आई म्हणाली.

“आत आहे खरं,” कुंदाताई म्हणाल्या. “उन्हाळ्यात पाण्याचेही हाल होतात. पण घर आमचं इथेच आहे. आणि या भागीरथीबाई, आमच्या शेजारी.”

मालिनीने बालवाडीतल्या मुलांच्या गमती सांगितल्या. मुलगा हसला. त्याच्या आईने वडी पुन्हा मागून घेतली. निघताना मात्र ती म्हणाली, “मुलगी आवडली हो. पण खरं सांगते, एवढ्या आडगावची सोयरीक आम्हाला झेपायची नाही.”

“स्पष्ट बोललात, बरं झालं,” कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटलं.

टांगा गेला. मालिनीचा चेहरा उतरला होता. भागीरथी तिच्यापुढे ताटली सरकवीत म्हणाली, “गेली? जाऊ दे. जाताना निदान पोटभर खाऊन गेली!” आणि मालिनी खळखळून हसली. एरवी नकार आला की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. त्या दिवशी ती सगळ्यांच्या देखत पायरीवर बसली, आणि कुंदाताई तिच्या शेजारी. अंग दुखत होतं, जीव शिणला होता. पण लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

मालिनीचं लग्न पुढे जमलं, मांडवही त्याच अंगणात पडला. पण गोष्ट त्या मांडवाची नाही. वाचकहो, आपल्या गावाची लाज धरली की शेजाऱ्यांचीही लाज धरावी लागते, आणि हळूहळू स्वतःच्या लेकरांचीही. मुलीला हुंडा नका देऊ, दागिने नसले तरी चालेल. पण जाताना तिला माहेरचा खरा पत्ता द्या!