धूळ नसलेलं जाळं

मित्रांनो, मी झेंडूच्या वाफ्यात जाळं विणणारी एक म्हातारी कोळीण आहे. वय सात महिने. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं.

पिल्लू असताना मी एका धाग्याला धरून वाऱ्यावर निघाले आणि झाशीच्या नगरा भागात, सरलाबाईंच्या बागेत उतरले. शेकडो भावंडांपैकी एकही पुन्हा दिसलं नाही. आम्ही कोळी एकटेच राहतो.

नवरात्रात घटावर रोज एक, अशा नऊ माळा घरच्याच झेंडूच्या घालायच्या, हा सरलाबाईंचा नेम. पण यंदा नाकतोडे पाकळ्या कुरतडू लागले, तेव्हा त्यांनी फवारणीचा पंप काढला.

त्यांची मुलगी शाल्मली प्राणिशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "दवा मारलेली फुलं देवीला घालणार का, आई?"

"मग काय देठांची माळ करू?"

"एक महिना रुक," ती माझ्या जाळ्याकडे बोट करत म्हणाली. "ही बसली आहे ना इथे."

"ही काय तुझ्या पगारावर आहे?" असं म्हणत त्यांनी पंप परत ठेवला.

शाल्मली रोज माझं जाळं बघून वहीत लिहायची. महिन्यात एकवीस नाकतोडे आणि कितीतरी माश्या. तीन मधमाश्याही लिहिल्या, कारण त्याही मी खाल्ल्या. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा मला जमत नाही. तो ठिपक्यांचे ढालकिडे खातात. तरीही फुलं पूर्वीपेक्षा बरी होती. "शाबास," ती मला म्हणाली. मग नोकरीसाठी ग्वाल्हेरला गेली. नंतर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

घट बसण्याच्या आदल्या दिवशी सरलाबाईंनी लांब दांड्याचा झाडू घेतला. घरातली जळमटं काढली आणि त्याच हाताने बागेतलीही. मी धागा सोडून मातीत पडले. जाळं गेलं. शेजारी टांगलेली माझी अंड्यांची पिशवीही गेली.

संध्याकाळी त्या वाफ्याशी उभ्या राहून फोनवर म्हणाल्या, "घर झालं, बागही झाली. एक जळमट ठेवलं नाही."

फोनच्या स्पीकरमधून शाल्मली म्हणाली, "झेंडूतलं पण काढलंस? ते जळमट नव्हतं गं. जळमट म्हणजे सोडून दिलेलं जाळं, त्यावर धूळ बसते. ही रोज नवं विणते. आणि तिथे बोराएवढी भुरकट पिशवी होती, तिच्यात अंडी आहेत."

सरलाबाई केराच्या ढिगापाशी बसल्या. बराच वेळ चाचपल्यावर पिशवी सापडली. माळेसाठी आणलेल्या दोऱ्याने त्यांनी ती जास्वंदीच्या फांदीखाली बांधली. "मला माहीत नव्हतं गं," त्या मातीत बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आज पाचवी माळ. नवं जाळं विणायची ताकद माझ्यात उरलेली नाही. कशीबशी जास्वंदीवर चढून मी त्या फांदीवर, दोऱ्याजवळ बसून असते. पिल्लं निघतील की नाही, हे मला कळणार नाही.

मित्रांनो, झाडू उचलण्याआधी जाळ्याकडे नीट बघा. धूळ नसेल, तर तिथे कुणीतरी राहतं.