राजकन्येची खुर्ची

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी मी कामावर परतलो. जुन्या राजवाड्यात आता कलासंग्रहालय आहे, तिथे मी सुतार. राणीच्या महालात चित्रं टांगलेली आहेत. त्या दालनावर बावीस वर्षं माझी बायको पहाऱ्याला होती.

पहिल्याच दिवशी तिची खुर्ची घरी न्यायला वर गेलो, तर खुर्चीभोवती दोरी आणि पाटी: ‘राजकन्येची बालपणीची खुर्ची.’

हसावं की रडावं कळेना. बायको बुटकी. साध्या खुर्चीवर तिचे पाय लोंबकळायचे, म्हणून मीच ती ठेंगणी खुर्ची करून दिली होती. मोडीत निघालेल्या राजपलंगाचे कोरीव पाय कापून तिला लावले होते.

नव्या अधिकारी मॅडमना म्हटलं, “ती माझ्या बायकोची खुर्ची आहे.”

“काका, नंबर पडलाय तिला. आता ती बाहेर जायची नाही. कोरीवकाम बघितलंत का?”

“बघितलं. ते पाय कापलेत मीच. खुर्ची पालथी करून बघा.”

खाली पेन्सिलीनं माझंच अक्षर होतं: ‘बुटकीबाई, जपून बस.’

मॅडम खो खो हसल्या आणि मग स्वतःच दोरी सोडायला लागल्या. “न्या काका,” म्हणाल्या. “नंबर मी खोडते.”

खुर्ची खांद्यावर टाकून जिन्यापर्यंत आलो. घरात कुठे ठेवायची ते ठरेना. घरी ती कधी बसलीच नाही. “बस गं जरा” म्हटलं की म्हणायची, “दिवसभर बसलेलीच असते की!”

मागे बघितलं. तिच्या जागी आलेल्या बाई भिंतीला टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत उभ्या होत्या.

“तुम्हाला खुर्ची नाही दिली?”

“होती ती एकच. राजकन्येच्या खुर्चीवर बसले तर नोकरी जाईल ना, भाऊ!”

बाई चांगल्या उंच होत्या. खुर्ची तशीच कामाच्या खोलीत नेली. पायांना खालून ठोकळे जोडून ती वाढवली. पेन्सिलीच्या अक्षरांना हात लावला नाही.

सकाळी ती दालनात नेऊन ठेवली. बाई आधी कडेला नुसत्या टेकल्या. मग मॅडम दिसत नाहीत असं बघून चपला काढल्या आणि नीट बसल्या.