पत्रात एकच माणूस

माझी पत्रं लोक उभ्यानं वाचतात. एका हातात विजेचं बिल, दुसऱ्या हातात माझं पत्र आणि पाय आपसूक कचऱ्याच्या डब्याकडे निघालेले. तेवढ्या अंतरात ज्याला माणूस थांबवता येत नाही, त्यानं देणग्या मागणारी पत्रं लिहू नयेत. मला थांबवता येतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोड्या फुशारकीनंच सांगते.

ज्यांचे थोडेच दिवस उरलेत अशा आजारी माणसांच्या घरी आमची संस्था रात्रपाळीची नर्स पाठवते, तीही फुकट. तिचा पगार निघतो तो माझ्या पत्रांतून. आमच्या अध्यक्षांना पत्रात संस्थेचा इतिहास हवा असतो आणि वर स्वतःचा हार घातलेला फोटो. "साहेब, तो फोटो बघून तुमच्या घरचेसुद्धा पाकीट उघडणार नाहीत," असं एकदा तोंडावर सांगितलं, तेव्हापासून ते माझ्या वाटेला जात नाहीत. माझा नियम साधा आहे. पत्रात एकच माणूस. 'शेकडो रुग्ण' म्हटलं की वाचणारा हळहळतो आणि पुढे जातो. एक बाई, एक खाट, एक रात्र दाखवली की त्याचा पाय अडतो.

या खेपेची बाई म्हणजे एका शिंप्याची बायको. तिच्या शेवटच्या रात्रीची हकीकत मी आमच्या सिस्टरकडून काढून घेतली आणि पहिलंच वाक्य लिहिलं, 'ती गेली तेव्हा तिच्या उशाशी होती ती फक्त आमची सिस्टर.' नवरा घरात होता हे मला ठाऊक होतं. पण नवरा आला की वाचणारा म्हणतो, आहे की कुणीतरी! म्हणून मी नवऱ्याला गाळलं.

छपाईआधी पत्र घरच्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांची सही घ्यायची, ही पद्धत मीच घातलेली. त्याप्रमाणे शिंपीकाकांच्या दुकानात गेले. ते एका कोटाला अस्तर लावत होते. पहिलं वाक्य वाचलं आणि मशीन थांबलं.

"मी कुठंय यात?"

"काका, पत्रात एकच माणूस ठेवावा लागतो. दोन झाले की..."

"माझी खुर्ची तिच्या खाटेला लागून होती."

"हो, पण वाचणाऱ्याला..."

"ताई, कापड वाचतं म्हणून मी कोटाची एक बाही कापून टाकत नाही."

माझ्या नाकावर राग असतोच. छापखाना खोळंबलाय, सगळं पत्र पुन्हा बांधावं लागेल, असं मी जरा चढ्या आवाजातच ऐकवलं.

"मग बांधा," ते म्हणाले. "मी सही करायचा नाही."

मी पिशवी उचलली. तेवढ्यात ते मशीनकडे बघत बोलायला लागले. "मला झोप लागली होती हो. कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सिस्टर म्हणाली, मी आहे, तुम्ही जरा टेका. टेकलो, तो जागा झालो तेव्हा सगळं संपलं होतं. थोरली मुलगी तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, आई एकटी गेली आणि तुम्ही झोपलात. आता तुमचं पत्र तेच घरोघरी सांगणार."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच सिस्टरला फोन लावला, काकांना ऐकू जाईल असा.

"सिस्टर, काका झोपले तेव्हा बाई जाग्या होत्या?"

"होत्या की! शेवट जवळ आला तशी मी काकांना उठवायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'नको गं, घोरू दे त्यांना. किती दिवसांनी घोरतायत.' मग ऐकत पडून राहिल्या. चेहरा अगदी निवांत होता."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"सकाळी घर माणसांनी भरलेलं. एवढ्या रडारडीत घोरण्याचं कसं काढणार, ताई? आणि तुम्ही मला फक्त माझ्याबद्दल विचारलंत."

शिंपीकाकांनी चष्मा काढला. आधी हसले, मग हुंदका आवरेना. "आयुष्यभर त्या घोरण्यावरून मला बाहेरच्या खोलीत पिटाळायची," ते म्हणाले. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग कापडं बेततात त्या टेबलावरच मी नवं पत्र लिहिलं. नियम मोडला नाही. माणूस एकच ठेवला, फक्त मी चुकीचा निवडला होता. 'त्या रात्री एक नवरा बऱ्याच दिवसांनी झोपला, कारण आमची सिस्टर जागी होती. त्याच्या बायकोनं त्याला उठवू दिलं नाही.' घोरण्यासकट सगळं लिहिलं. काकांनी दोनदा वाचून घेतलं आणि सही ठोकली.

अध्यक्ष कळवळले. "अहो, घोरणं? संस्थेच्या पत्रात?"

"छापा," मी म्हटलं. "नाही चाललं तर पुढच्या वर्षी तुमचा फोटो."

पत्र चाललं. किती चाललं ते खजिनदारांना विचारा. हल्ली ते मला बघून खुर्चीतून उठतात. ज्यांच्या घरी आमची नर्स जाऊन आली, त्या कुटुंबांनाही आम्ही पत्र पाठवतो, त्यामुळे एक प्रत शिंपीकाकांच्या थोरल्या मुलीकडेही गेली होती. तिकडून उत्तर आलं नाही.

काल काकांचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, थोरली राहायला आलीय. काल रात्री मी सवयीनं खोलीचं दार लावून घ्यायला लागलो, तर म्हणाली, 'बाबा, उघडंच राहू दे. मला ऐकू येऊ दे.'"